मिसिंग, एडीआर आणि ‘अ’ समरी : न उलगडलेला खून कागदावर कुठे अडकतो

पोलीस ठाण्यात हरवलेल्या माणसाची नोंद एका रजिस्टरला होते आणि अनोळखी मृतदेहाची दुसऱ्या. पहिल्या नोंदीला बोलताना ‘मिसिंग’ म्हणतात. दुसरी ‘एडीआर’, म्हणजे अकस्मात मृत्यू. माणूस हरवतो कल्याणला आणि मृतदेह सापडतो इगतपुरीच्या बाजूला. ठाणी दोन, जिल्हे दोन, तपासी अंमलदारही दोन. या दोन नोंदी जुळल्या तरच पुढे खुनाचा तपास नीट सुरू होतो. बरेच खून उलगडत नाहीत ते खुनी हुशार असतो म्हणून नाही. पहिल्या आठवड्यात या दोन रजिस्टरांत काय लिहिलं गेलं आणि काय राहून गेलं, तिथेच त्यांचं भवितव्य बरंचसं ठरलेलं असतं.

मुंबईतल्या शीना बोरा या तरुणीच्या खुनाचं प्रकरण याचं ठळक उदाहरण आहे. मे २०१२ मध्ये रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या गागोदे परिसरात जळालेला, कुजलेला मृतदेह सापडला. नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले, पण पेणमध्ये ना अकस्मात मृत्यूची नोंद झाली ना खुनाचा गुन्हा दाखल झाला. शीना परदेशी गेल्याचं तिच्या ओळखीच्यांना सांगण्यात आलं होतं. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी वेगळ्याच, शस्त्राच्या गुन्ह्यात एका ड्रायव्हरला पकडलं, त्याच्या चौकशीतून हा विषय निघाला आणि तीन वर्षांपूर्वीच्या त्या हाडांना पहिल्यांदा नाव जोडलं गेलं. दोषी कोण, हा न्यायालयाचा प्रश्न आहे. इथे मुद्दा एवढाच की पेणमध्ये एडीआरचा एक क्रमांक पडला असता तर शोधायला निदान एक धागा राहिला असता.

मिसिंग नोंदवताना

‘चोवीस तास थांबा, मग या’ असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. तक्रार त्याच दिवशी, त्याच तासाला घेता येते.

अठरा वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती स्वतःच्या मर्जीने घर सोडू शकते, त्यामुळे तिचं हरवणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. एफआयआर न होता मिसिंग रजिस्टरला क्रमांक पडतो आणि चौकशी एखाद्या हवालदाराकडे जाते. त्या नोंदीत एक वाक्य हमखास असतं : ‘घरात कोणाला काही एक न सांगता कोठेतरी निघून गेली आहे.’ तक्रारदाराने असं म्हटलेलं नसलं तरी सवयीने ते उतरतं, आणि बाई स्वतःहून गेली हे पहिल्याच ओळीत गृहीत धरलं जातं. सही करण्यापूर्वी हे वाक्य वाचा. भांडण, धमकी, उसनवारी, जमिनीचा वाद, शेवटचं कोणासोबत पाहिलं, कोणाचा फोन आला होता, यातलं जे ठाऊक असेल ते जबाबात लिहून घ्यायला लावा. जबाबातून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. खुनाच्या किंवा खंडणीच्या इराद्याने केलेल्या अपहरणाला भारतीय न्याय संहितेचं कलम १४० लागतं.

‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर गुन्ह्याच्या तक्रारीला चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर होतो आणि प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात उपायुक्तांना लेखी अर्ज द्यायचा, आणि तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. अर्ज टपालाने, पोच घेऊन पाठवावा. तोंडी फेऱ्यांची नोंद कुठेच उरत नाही.

मूल हरवलं तर सगळं वेगळं. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हरवलेलं मूल पळवलं गेलं आहे असंच सुरुवातीला धरायचं आणि एफआयआर दाखल करायचा. म्हणून अठराखालच्या प्रत्येक प्रकरणात अपहरणाचा गुन्हा नोंदतात. चार महिन्यांत शोध लागला नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जायला हवा. चौथा महिना संपला की ते झालं का, हे पालकांनी लेखी विचारावं.

आता वर्णनाकडे. ‘रंग सावळा, बांधा मध्यम, उंची ५ फूट ४ इंच, अंगात निळा शर्ट’ या वर्णनात निम्मं राज्य बसतं. महिनाभर उघड्यावर पडलेल्या मृतदेहाचा रंग, बांधा आणि चेहरा यांपैकी काहीही शिल्लक नसतं. टिकतात त्या गोष्टी लिहा. जुनं फ्रॅक्चर आणि त्यात बसवलेली प्लेट किंवा रॉड (त्यावर कंपनीचा बॅच क्रमांक कोरलेला असतो आणि रुग्णालयाच्या कागदांत तो सापडू शकतो), पडलेले दात, कॅप, रूट कॅनाल, ऑपरेशनच्या खुणा, गोंदण, जोडवी, करगोटा, ताईत, चपलेचा नंबर, शर्टाच्या कॉलरमागचं टेलरचं लेबल. टेलरच्या लेबलावरून दुकान आणि दुकानावरून गिऱ्हाईक, ही पोलिसांची फार जुनी वाट आहे आणि ती अजून चालते. दातांचे आणि हाडांचे जुने एक्स-रे घरात असतील तर जपून ठेवा. फोटो दोन द्यावेत, त्यातला एक दात दिसतील असा हसरा, आणि दोन्ही फिल्टर न लावलेले. मोबाईलच्या खोक्यावर आयएमईआय क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहून द्या. बँक खातं, यूपीआय आणि फास्टॅगही नोंदीत यायला हवेत.

घरातली एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. हरवलेल्या व्यक्तीचा टूथब्रश, कंगवा, न धुतलेला कपडा वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो.

मृतदेह सापडतो तेव्हा

अनोळखी मृतदेह मिळाला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (जुनं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४) चौकशी सुरू होते. पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाच्या अवस्थेची लेखी नोंद, होतो, मृतदेह शवविच्छेदनाला जातो आणि अहवाल चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा. या टप्प्यावर ते प्रकरण खून नसतं. बुडून मृत्यू असेल, सर्पदंश असेल, रेल्वेखाली आलेला असेल. शवविच्छेदनाने घातपात दाखवला तरच गुन्हा नोंदला जातो.

घोटाळा इथे दोन तऱ्हेने होतो. पहिला पंचनाम्यात. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५ ते ४०’ असं लिहून कपड्यांचा रंग टिपतात, पण लेबल, खिशातली पावती, बेल्टचं बक्कल, दातांची अवस्था राहून जाते. कुजायला लागलेल्या शरीराचं वय चेहऱ्यावरून सांगणं म्हणजे निव्वळ तर्क असतो. लिंग ओटीपोटाच्या हाडांवरून, उंची मांडीच्या हाडाच्या लांबीवरून आणि वय सांध्यांच्या जुळणीवरून काढायचं असतं, तेही पल्ला देऊन. पंचनाम्यात वय दहा वर्षांनी चुकलं की संगणकावर शोध घेणाऱ्याच्या चाळणीतून तो मृतदेह निसटतो. म्हणून नातेवाइकांनी शोध घेताना वयाचा पट्टा दोन्ही बाजूंनी दहा वर्षांनी रुंद ठेवावा.

दुसरा घोटाळा हद्दीचा. रुळांलगत सापडलेला मृतदेह लोहमार्ग पोलिसांकडे जातो, शहर पोलिसांकडे नाही. खाडीत टाकलेला मृतदेह भरती-ओहोटीबरोबर कुठल्याही किनाऱ्याला लागतो. मुंबईत हरवलेल्या माणसासाठी मुंबईचीच यादी पाहणं पुरेसं नाही. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, पालघर, रायगड, नाशिक ग्रामीण आणि लोहमार्ग या सगळ्यांच्या नोंदी पाहाव्या लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर हरवलेल्या व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह असे दोन्ही विभाग आहेत. पण ठाण्यातून माहिती किती नीट भरली गेली त्यावर त्याचा उपयोग ठरतो. शवागारात जागा मोजकी असते, त्यामुळे काही दिवस वाट पाहून बेवारस मृतदेहाचे अंत्यसंस्कार होतात. त्यानंतर उरतात ते फोटो, कपडे आणि काढून ठेवलेले नमुने. नमुने काढलेच नसतील तर दाहसंस्कारानंतर हाती काहीही राहत नाही.

ओळख कशी पटवतात

पहिला प्रयत्न बोटांच्या ठशांचा. पाण्यात राहिलेल्या मृतदेहाच्या हाताची कातडी हातमोज्यासारखी सुटते. पाहणाऱ्याला वाटतं ठसे गेले, पण जाणकार तज्ज्ञ त्या सुटलेल्या कातडीवरूनही ते घेतो. हे ठसे नाफिस या राष्ट्रीय प्रणालीत तपासतात. मात्र तिच्यात अटक झालेल्यांचे आणि शिक्षा झालेल्यांचे ठसे असतात. ज्याने आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही तो तिथे सापडणार नाही.

मग प्रत्येक जण विचारतो : आधारमध्ये तर सगळ्यांचे ठसे आहेत, तिथे का नाही? आधार कायद्याच्या कलम २९ नुसार ठसे आणि बुबुळांची माहिती कोणालाही, कोणत्याही कारणासाठी देता येत नाही. शिवाय आधारची पडताळणी ‘हा क्रमांक याच माणसाचा का’ एवढंच सांगते. क्रमांक माहीत नसताना नुसत्या ठशावरून माणूस शोधायला ती बांधलेलीच नाही.

राहिला डीएनए. इथे सर्वसाधारण समज असा की प्रयोगशाळेत हाड घातलं की नाव बाहेर येतं. डीएनए अहवाल फक्त तुलना सांगतो, आणि तुलनेला दुसरी बाजू लागते. हरवलेल्यांच्या नातेवाइकांचे आणि अनोळखी मृतांचे नमुने एका जागी ठेवून आपोआप ताडून पाहणारी, कायद्याने स्थापलेली राष्ट्रीय डीएनए पेढी आपल्याकडे नाही. २०१९ च्या डीएनए विधेयकात हरवलेल्या व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्यासाठी स्वतंत्र सूची होत्या. ते विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे आज ‘हा मृतदेह त्या घरातला असू शकेल’ असा संशय आधी कोणाला तरी यावा लागतो, मगच दोन नमुने समोरासमोर येतात.

नातेवाइकांपैकी कोणाचं रक्त घ्यायचं यालाही हिशेब आहे. आई आणि वडील दोघंही असतील तर उत्तम. हरवलेल्या व्यक्तीचं मूल आणि त्या मुलाचा दुसरा पालक, ही जोडीही चांगली. एकट्या भावाचा किंवा बहिणीचा नमुना दिला तर निष्कर्ष बऱ्याचदा ‘शक्यता आहे’ एवढाच येतो, कारण भावंडांना आईवडिलांकडून मिळालेला वाटा सारखा नसतो. आईवडील हयात नसतील तर मायटोकॉन्ड्रियल डीएनए कामी येतो. तो फक्त आईकडून येतो, म्हणून मामा, मावशी, मावशीची मुलं चालतात. पुरुषाची ओळख पटवायची असेल तर वाय गुणसूत्रासाठी काका किंवा चुलतभाऊ चालतो. आईवडील वयस्कर असतील तर त्यांचे नमुने घेऊन ठेवण्याची लेखी विनंती तपासी अंमलदाराकडे आधीच करावी. घरच्यांनी परस्पर खासगी लॅबमधून काढलेला अहवाल न्यायालयात फारसा उभा राहत नाही. नमुना कोणी घेतला, कोणी सील केला, कोणाच्या ताब्यातून कुठे गेला ही साखळी त्यात नसते.

नमुना टिकवण्यातली सर्वांत महागडी चूक म्हणजे फॉर्मेलिन. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहायच्या असतील तेव्हा ते योग्य, पण डीएनएची त्यात नासाडी होते. विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात. डीएनएसाठी कुजलेल्या शरीरातून मांडीच्या हाडाचा तुकडा आणि न किडलेल्या दाढा घेतात, स्वच्छ करून, वाळवून. रक्ताळलेले कपडे सावलीत सुकवून कागदात बांधतात. ओलेच सील केले तर कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यावर बुरशी चढलेली असते आणि उत्तर येतं, ‘निष्कर्ष काढता आला नाही’.

पुसला जाणारा पुरावा

दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग डिस्क भरली की जुनं पुसत पुढे जातं. बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरच ते राहतं. मिसिंगची चौकशी संथ चालते ती नेमकी याच महिन्यात. कुटुंबाने आसपासच्या कॅमेऱ्यांची जंत्री करून ती लेखी द्यावी आणि मालकांना रेकॉर्डिंग राखून ठेवायला सांगावं. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेली क्लिप दिशा कळण्यापुरती ठीक. त्यात चित्र दाबलं जातं, मूळ वेळेचा तपशील हरवतो, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जोडावं लागतं ते राहून जातं. पोलिसांनी मूळ डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) पंचनामा करून ताब्यात घेणं हाच खरा मार्ग.

कॉल तपशील, म्हणजे सीडीआर, कंपन्यांना किमान दोन वर्षं जपावे लागतात. इथे थोडी सवड आहे, पण वाचताना फसगत होते. सीडीआरमधलं ‘लोकेशन’ टॉवरचं असतं, माणसाचं नसतं. शहरात टॉवरची कक्षा काहीशे मीटर, गावाकडे काही किलोमीटर. टॉवर साधारण तीन दिशांना वाटलेला असतो, म्हणून कोणत्या बाजूच्या अँटेनाने कॉल उचलला तेही पाहावं लागतं. ‘त्या रात्री फोन त्या गावात होता’ असं ठोकून सांगणारा पोलीस उलटतपासणीत सापडतो तो इथेच. आणखी एक : नंबर हातचा जाऊ नये म्हणून घरचे त्याच क्रमांकाचं नवं सिम काढतात. ते सुरू होताच जुनं सिम बंद पडतं, आणि हरवलेल्या फोनकडून मिळू शकणारा संकेत आपणच तोडलेला असतो.

मृतदेहच नसेल तर

मृतदेह मिळाला नाही म्हणजे खून सिद्ध होत नाही, हा समज चुकीचा आहे. रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मृतदेह सापडणं ही अनिवार्य अट नसल्याचं सांगितलं. पण मग मृत्यू झाला आणि तो आरोपीनेच घडवला, या दोन्ही गोष्टी परिस्थितीवरून सिद्ध कराव्या लागतात. त्यासाठीची कसोटी महाराष्ट्रातल्याच शरद बिरधीचंद सारडा खटल्यात १९८४ मध्ये घालून दिली गेली. प्रत्येक दुवा पूर्ण सिद्ध हवा आणि सगळे मिळून आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरा अर्थ निघता कामा नये. ‘शेवटचं त्याच्यासोबत पाहिलं’ हा पुरावा एकटा पुरत नाही. पाहिल्यानंतर जितका काळ लोटतो तितका तो सैल होतो.

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे यांचं प्रकरण यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. अपहरणाचा गुन्हा नोंदायला जानेवारी २०१७ उजाडलं आणि तत्कालीन वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर यांना अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. खाडीत शोध घेऊनही मृतदेह मिळाला नाही. तरी एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने कुरुंदकर यांना दोषी धरून जन्मठेप दिली. हरवलेली व्यक्ती स्वतः पोलीस अधिकारी असूनही अपहरणाचा गुन्हा व्हायला नऊ महिने लागले, हे त्यात विसरू नये.

‘अ’ समरी म्हणजे काय

खून नोंदला गेला, तपास झाला, आरोपी मिळाला नाही. मग पोलीस न्यायालयात ‘अ’ समरीचा अहवाल देतात : गुन्हा खरा, पण तपास लागत नाही. ‘ब’ समरी म्हणजे तक्रार खोटी आणि खोडसाळ, आणि ‘क’ म्हणजे गैरसमजातून झालेली, खरी ना खोटी. ही वर्गवारी जुन्या मुंबई पोलीस मॅन्युअलमधली आहे. वर्तमानपत्रात ‘फाईल बंद’ असं छापून येतं ते बहुधा हेच. पण ‘अ’ समरी मंजूर झाली तरी खुनाला मुदतीची मर्यादा नाही. नवा धागा मिळाला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) खाली पुढचा तपास करता येतो, वीस वर्षांनीसुद्धा. गुन्हा १ जुलै २०२४ आधीचा असेल तर कलम जुन्या भारतीय दंड संहितेचंच, म्हणजे ३०२, लागतं.

तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. तपास सीबीआयकडे गेला, आणि २०१४ मध्ये सीबीआयनेही पुरेसा पुरावा नसल्याचं सांगून तपास बंद करण्याचा अहवाल दिला. तपास यंत्रणा बदलली की निकाल लागतोच असं नाही. पहिल्या महिन्यात न गोळा केलेला पुरावा नव्या यंत्रणेला कुठून मिळणार?

अहवाल स्वीकारण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांनी मूळ तक्रारदाराला नोटीस देऊन ऐकून घ्यायला हवं, असा भगवंत सिंग प्रकरणातला १९८५ चा निकाल आहे. नोटीस आली की अहवालाच्या आणि जबाबांच्या नकला मागायच्या आणि निषेध अर्ज करायचा. ‘तपास नीट झाला नाही’ एवढ्याने अर्ज टिकत नाही. अमुक साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, अमुक क्रमांकाचा सीडीआर मागवला नाही, प्रयोगशाळेचा अहवाल अजून आलेला नाही, असं नेमकं लिहावं लागतं. त्याआधीही कलम १९३(३) नुसार नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अर्ज करताना मुद्देमाल कुठे आहे हेही विचारून घ्या. शीना बोरा खटल्यातच २०२४ मध्ये सरकारी पक्षाने आधी पेणची हाडं सापडत नसल्याचं न्यायालयाला सांगितलं आणि नंतर ती सीबीआयच्या दिल्ली कार्यालयात असल्याचं कळवलं. एवढ्या गाजलेल्या प्रकरणात हे होतं, तर तालुक्याच्या ठाण्यातल्या मुद्देमाल खोलीबद्दल काय बोलावं.

सात वर्षांनंतर

ज्यांना बातमी कळली असती अशांना सात वर्षं काहीच कळलं नसेल तर साक्ष अधिनियमाचं कलम १११ (जुनं १०८) मृत्यू गृहीत धरतं. हे आपोआप घडत नाही. दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा करावा लागतो, त्यासोबत मिसिंगच्या नोंदीची प्रत आणि ‘शोध लागला नाही’ असं पोलिसांचं पत्र लागतं. हुकूमनाम्यावरून मग मृत्यू नोंदणी होते. सात वर्षांची मोजणी नीट सिद्ध व्हायला मिसिंगची तारीख कामी येते. नोंदच केली नसेल तर पंचाईत होते.

कायदा मृत्यू गृहीत धरतो, मृत्यूची तारीख नाही. एलआयसी विरुद्ध अनुराधा या २००४ च्या निकालात नेमकं हेच झालं. माणूस हरवल्यावर घरच्यांनी हप्ते भरणं थांबवलं, आणि तो हरवला त्याच दिवशी वारला असं धरायला न्यायालयाने नकार दिला. म्हणून विम्याचे हप्ते घोषणा मिळेपर्यंत चालू ठेवावेत. जोडीदाराला पुन्हा लग्न करायचं असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली सात वर्षं ठावठिकाणा नसणं हे घटस्फोटाचं कारण आहे, पण त्याचाही हुकूमनामा आधी घ्यावा लागतो. नुसती सात वर्षं उलटली म्हणून पहिलं लग्न संपत नाही.